शैलजाच्या नावाची मूठ

मी, सुवर्णा निंबा महाले, वय अठ्ठावन्न, धंदा साड्यांना फॉल-बीडिंग, राहणार कोसाड, सुरत, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. शुद्धीवर आहे. डोकं ठिकाणावर आहे का, ते सून सांगेल. हा तिसरा कागद. आधीचे दोन फाडले, कारण पाचव्या कलमाशी आलं की हात थांबतो आणि मी उगाच उठून ओटा पुसते.

कलम १. राहते घर मुलगा चेतन यास, गळक्या मोरीसकट. चार वर्षं "उद्या बघतो" म्हणतोय. आता मालक म्हणून बघावी.

कलम २. शिलाई मशीन व मोठी कात्री मुलगी चंचल हिला. त्या कात्रीने कागद कापू नये.

कलम ३. बँकेत उरेल ते दोघांत सारखं. भांडू नये.

कलम ४. माझ्या काकूंचा पितळी डबा त्यांच्या नातींना परत द्यावा. त्यांच्यावरचा राग मी जन्मभर सांभाळला, पण दोष त्यांचा नव्हता.

कलम ५. आम्ही उधन्याला राहायचो तेव्हा शेजारी बँकेतल्या साहेबांची मुलगी होती, शैलजा. आमची वेणीसुद्धा एकमेकींशिवाय होत नसे. मी सोळा वर्षांची असताना श्रावणात आमच्याकडे कानबाई, आम्हा खान्देशी लोकांची देवी, बसली. रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळीसाठी, घरातल्या माणसांच्या नावाने गव्हाच्या मुठी घेतात, आणि तो रोट भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत. मी गुपचूप एक मूठ शैलजाच्या नावाने जास्त टाकली. सोमवारी कानबाईला निरोप दिल्यावर तिला जिन्याखाली नेऊन रोट भरवला. काकूंनी पाहिलं.

"हाऊ रोट इले कोनी दिना?"

सगळी गल्ली गोळा झाली. मी म्हणाले, "मी नही दिना. तिनीच लिधा."

शैलजा माझ्याकडे बघत राहिली, मी काकूंच्या पायांकडे. लोक तिला चोरटी म्हणाले. तिने माझं नाव सांगितलं नाही, आणि पुढे माझ्याशी कधीच बोलली नाही. वर्षभर मी शाळेतून लांबच्या रस्त्याने घरी यायची. लग्न झालं, मुलं झाली, तरी मुठी घेताना तिचं नाव अजून ओठांवर येतं. मला ती हवी होती. अजून हवी आहे.

मी गेल्यावर चेतनने हे कलम तिला वाचून दाखवावं, असं आधी लिहिलं होतं. ते रद्द. मेल्यावर कबूल करणं म्हणजे पुन्हा खाली बघणं. ती पर्वत पाटियाला राहते, पत्ता माझ्याकडे आहे. उद्या नको, आत्ताच निघते. दुसरी साक्ष तिचीच घेईन. दारातून हाकललं तर हाकललं.

ठिकाण: सुरत. दिनांक: १४ जुलै २०२५.

सही: सुवर्णा निंबा महाले

साक्षीदार १: मंगलाबाई राघो सोनवणे, शेजारीण, कोसाड. (आत काय लिहिलंय ते तिने तीनदा विचारलं. सांगितलेलं नाही.)

साक्षीदार २: शैलजा विजय खानोलकर, पर्वत पाटिया. वाचून सही केली. कलम पाचमध्ये एक राहिलंय, सुवर्णा, ते लिहून घे. त्या दिवशी माझा श्रावणी सोमवारचा उपास होता. तू भरवलास म्हणून मोडला.