चष्मा वर गेला की

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड

आज मुख्याध्यापिका पुन्हा म्हणाल्या, "तुमच्या पाचवीतली मुलं स्वतः विचार करतात हो." का कुणास ठाऊक, बरं वाटण्याऐवजी खटकलं. जूनपासून मी वर्गात कुणाच्या उत्तराला 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणत नाही. मुलांनीच चर्चा करून ठरवायचं. मग दर वेळी चर्चा अचूक उत्तरावरच कशी येऊन थांबते? मला संशय होताच. माझ्या चष्म्याचा. बरोबर उत्तर आलं की तो माझ्या हातून नकळत वर सरकतो.

म्हणून आज मुद्दाम विचारलं, पेपराचं पान चुरगळून गोळा केला तर त्याचं वजन बदलेल का? ओंकार म्हणाला, "वाढणार!" साफ चूक. मी हळूच चष्मा वर सरकवला. "बाकीच्यांना काय वाटतं?" झालं, सगळ्यांना तेच वाटायला लागलं. आधी 'तेवढंच राहील' म्हणणारेसुद्धा फिरले.

मग काट्यावर वजन करून दाखवलं, तर ओंकार माझ्यावरच चिडला. "पण बाई, तुम्ही चष्मा वर केलात ना!"

म्हणजे माझा नुसता संशय, आणि यांना ते कधीचं पाठ!

एकटी प्राची शेवटपर्यंत 'तेवढंच' म्हणत राहिली. काय आनंद झाला मला! निदान एक तरी. विचारलं, "तू का नाही गं बदललंस?"

"बाई, खांबामुळे मला तुम्ही दिसतच नाही."

तिची आई कालच भेटून गेली. पोरीला पुढे बसवा, मागे तिचं नुकसान होतंय म्हणाली. मी हो म्हणून बसलेय.