तीन चाकं आणि एक नत्थूजी

२ जुलै, बुधवार
नत्थूजीला सोडणार नाही. लिहून ठेवतो म्हणजे विसरणार नाही. विसरण्यावर डॉक्टरने गोळ्या दिल्या आहेत, त्या घ्यायच्या राहून जातात.

झालं असं की सकाळी सक्करदरा तलावाजवळ स्कूटर वळवताना बाजूला कलली. मी आणि तुळजाबाई रस्त्यावर. स्पीड शून्य. लागलं काहीच नाही. पण समोर पानठेल्यावर नत्थूजी. चाळीस वर्षांपासूनचा शेजारी, भिंतीला भिंत. आधी धावत आला, आम्हाला उचललं, हिचा चष्मा शोधून दिला. मग ठेल्यावर परत जाऊन म्हणतो, "रुपराव चालत्या गाडीवरून नाही पडत गा. तो उभ्या गाडीवरून पडते."

संध्याकाळी दूधवाल्याने विचारलं, काका, गाडी उभी होती म्हणते?

३ जुलै, गुरुवार
तुळजाबाईनं जाहीर केलं की आता ती माझ्या मागे बसणार नाही. दर गुरुवारी महाल भागात भजनाला जाते. बेचाळीस वर्षं माझ्याच मागे बसून. आज गेली ऋतुजाच्या स्कूटीवर. ऋतुजा म्हणजे कोण? नत्थूजीची सून. म्हणजे आधी इज्जत नेली, आता बायको.

पोर वागते चांगली. हेल्मेटसुद्धा देते हिला. पण नत्थूजीच्या घरचं हेल्मेट ते.

५ जुलै
सुडाचा विचार केला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते, गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचा मोठा पुतळा. तिच्यासोबत बडग्ये निघतात, वर्षभर ज्याचा ज्याचा राग आला त्याचे पुतळे, गळ्यात पाटी लावून. शेवटी जाळतात. नत्थूजीचा बडग्या करून मंडळाला द्यावा असं मनात आलं. तुळजाबाई म्हणाली, ओळखू यायला त्याचा एखादा जुना शर्ट लागेल. आणि त्याचा जुना शर्ट तुम्हीच घालून राहिले.

शर्ट काढला. पाऊस होता म्हणून परत घातला.

९ जुलै
पक्कं ठरलं. मारबतीच्या दिवशी नत्थूजी दरवर्षी महालात त्याच्या साळ्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, दुकानाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतो. त्या ओट्यासमोरून, मागे तुळजाबाईला बसवून, ताठ जाईन. त्याच्यासमोर थांबीन. उभ्या गाडीवर. आणि पडणार नाही.

पडायचं नसेल तर तीन चाकं पाहिजेत. हे आजवर कोणाला कसं सुचलं नाही?

१३ जुलै, रविवार
गाडी आली! सावनेरच्या गॅरेजवाल्या प्रीतमने टेम्पोत घालून आणली. पुढे दोन चाकं, मागे एक. गिअर नाही. अख्ख्या सक्करदऱ्यात अशी दुसरी नाही. खाणीतला कोणी साहेब जाताना त्याला देऊन गेला होता.

प्रीतम बराच वेळ समजावत होता. ही गाडी वळताना झुकते, थांबताना हँडलवरचं पिवळं बटण असं काहीतरी. मी तेव्हा ओट्यावर नत्थूजीचं तोंड कसं पडेल ते डोळ्यांपुढे आणत होतो. तुळजाबाई ऐकत होती. ऐकू दे. बाईमाणसाला तेवढाच विरंगुळा.

नत्थूजी भिंतीवरून पाहून म्हणाला, चाक उरलं होतं काय गा रुपराव?

१४ जुलै
गाडी झुकते. तीन चाकं असून झुकते. उभी केली की डावीकडे कलते, जशी काय कानात काही सांगून राहिली. पाय टेकावा लागतो. ही लबाडी आहे. प्रीतमला फोन केला. तो म्हणाला, काका, मी सांगितलं होतं. मी म्हटलं, अर्धवट सांगितलंस.

काही हरकत नाही. मी पंख्याच्या मोटरी भरायला कोणाकडून शिकलो नाही. पाण्याचा पंप खोलला तेव्हाही लोक हसले होते. पंप आजही बंद आहे, पण खोलला मीच.

१६ जुलै
उपाय सापडला. बाबांच्या हातमागावर ताणा ढिला पडला की ते वीट लटकवायचे. गाडी डावीकडे जाते म्हणून उजव्या बाजूला दोन विटा, सुतळीनं. कोष्ट्याच्या पोराला हे कोणी शिकवावं लागत नाही.

१७ जुलै
आता उजवीकडे जाते. डावीकडे दोन विटा.

१८ जुलै
आता दोन्हीकडे सारखी जाते. म्हणजे बॅलन्स झाला.

तुळजाबाई बटणाविषयी परत काही म्हणाली. मी सुतळीची गाठ मारत होतो.

२१ जुलै
आजपासून फिटिंग सुरू. प्रत्येक वस्तू नत्थूजीसाठी.

पहिली वस्तू, आरसे. ट्रकचे. दोन्ही बाजूंनी लांब दांडीवर. साधा आरसा मागची वाहतूक दाखवतो. मला मागे राहिलेल्या नत्थूजीचं तोंड पाहायचं आहे. मोठं. बारकाव्यासकट.

लावून पाहिले. एका आरशात मी आणि दुसऱ्यात तुळजाबाई, पदर तोंडाला लावून हसताना. अँगल बदलायला पाहिजे.

२५ जुलै
फॉग लाइट लावला. संध्याकाळी सात वाजता अंगणातून सरळ नत्थूजीच्या वऱ्हांड्यावर मारला. अर्धा तास. तोही समजेल कोणाशी गाठ आहे.

साडेसातला ऋतुजा वाटीभर सांबारवडी घेऊन आली, कोथिंबिरीची, गरम. म्हणाली, बाबांनी सांगितलं की वऱ्हांड्यातला बल्ब चार दिवसांपासून गेला होता, आज पेपर नीट वाचता आला, उद्या जरा डावीकडे धरा.

सांबारवडी उत्तम होती. फॉग लाइट काढला नाही. डावीकडे धरणार नाही.

(२६ जुलै : जरासा डावीकडे धरला.)

३० जुलै
हॉर्न आणला. सात सुरांचा. वायरिंग स्वतः केलं. हँडलवर एक पिवळं बटण फुकट पडून होतं, काहीच काम करत नव्हतं. दहा वेळा दाबून पाहिलं, ना उजेड ना हॉर्न, आत नुसतं कर्र. त्याची जुनी वायर कापली आणि हॉर्न जोडला. आता त्या बटणाच्या जन्माचं सार्थक झालं.

नत्थूजीच्या खिडकीशी तीन वेळा वाजवला. तिसऱ्या वेळेला सगळी गल्ली बाहेर आली, नत्थूजी सोडून. तो दुपारी कानातली मशीन काढून झोपतो.

तुळजाबाईनं कापलेली वायर उचलून पाहिली आणि डब्यात ठेवली. तिला काहीही साठवायची सवय आहे.

५ ऑगस्ट
नत्थूजी दोन दिवस खिडकीत नाही. माघार घेतली असणार.

६ ऑगस्ट
ताप आहे म्हणतात. आजारी माणसाचा सूड घेण्यात राम नाही. तो उठला पाहिजे. आल्याचा काढा करून नेऊन दिला. सुडाचाच भाग आहे हा. दोन वेळा गेलो, कारण पहिल्यांदा त्यात मीठ पडलं होतं. त्यानं तेही पिऊन टाकलं.

तापातही म्हणतो, "उभी राहते काय आता?"

११ ऑगस्ट
शत्रू बरा झाला. आनंद आहे. काम पुढे चालू.

वर छत्री लावली, भाजीच्या ठेल्यावर असते तशी. काळी नव्हती, पिवळी मिळाली. तुळजाबाईला ऊन लागू नये. तिच्यासाठी मागे मऊ गादी, पाय ठेवायला पाटा, साडीसाठी जाळी. ती बसणारच आहे. तिला अजून माहीत नाही.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडा लावला. मागे पाटीही लावली, रंगवून घेतली : जळणाऱ्यांनो, बघत राहा. नत्थूजी चष्मा विसरतो म्हणून अक्षर मोठं.

गल्लीच्या टोकापर्यंत चालवून आलो. चालताना गाडी एक नंबर. थांबताना थोडं कमी. थांबायचं कशाला? फक्त ओट्यासमोर एकदाच.

२१ ऑगस्ट, गुरुवार
देव आहे. ऋतुजा पोळ्याला माहेरी गेली, आणि परवा तुळजाबाईला महालात बहिणीकडे जायचं आहे. मी म्हटलं, मी आहे ना. ती बराच वेळ गाडीकडे पाहत राहिली. विटा, आरसे, छत्री, झेंडा, पाटी. मग म्हणाली की येईन, पण परत पाडलं तर या जन्मात मागे बसणार नाही, पुढच्या जन्माचं तेव्हा पाहू.

पुढे बटणाचं काही होतं. मी हो हो म्हटलं.

२३ ऑगस्ट, शनिवार. सकाळ
आजचा दिवस. पिवळा शर्ट घातला, छत्रीला मॅचिंग. गॉगल लावला. गाडीला झेंडूचा हार घातला. नत्थूजी सकाळीच पुढे गेला आहे, ओट्यावर जागा धरायला. जा बाबा, पक्की धर.

मोठी मिरवणूक ओट्यापाशी बारानंतर येते. मी अकराला जाईन.

२३ ऑगस्ट, संध्याकाळ
मिरवणूक अकराला आली.

सगळं लिहितो. मागच्या गल्लीतून रस्त्यावर निघालो तर पुढे एक बडग्या, मागे एक बडग्या, मध्ये आम्ही. वळायला जागा नाही. ढोल. गर्दी. एका पोऱ्यानं विचारलं, काका, कोणत्या मंडळाचा आहे? मला वाटलं गाडीबद्दल विचारतो. म्हटलं, प्रायव्हेट आहे.

मग कोणीतरी मागची पाटी मोठ्यानं वाचली. बस. त्यानंतर दोन्ही बाजूंनी ओरडणं सुरू : जळणाऱ्यांना घेऊन जा गे मारबत! माझ्याच गाडीवर गुलाल. हार. एक बाई आपल्या लेकराला दाखवत होती, पाह्य बेटा, हा हलते बी.

मी डगमगलो नाही. समोर ओटा दिसला. खुर्चीवर नत्थूजी. तोंडात घास होता तो तसाच राहिला. हेच मला पाहिजे होतं, अगदी हेच. मी ओट्यासमोर गाडी थांबवली. ताठ. पाय उचलून गाडीवर ठेवले. आणि विजयाचा हॉर्न वाजवायला पिवळं बटण दाबलं.

हॉर्न वाजला. सातही सूर. गाडी डावीकडे कलायला लागली. हळूहळू, छत्री, झेंडा, चार विटा आणि मी.

मागे वजन नव्हतं. तुळजाबाई आधीच उतरून बाजूला उभी होती.

जमिनीला एक हात उरला असेल तेव्हा छत्रीची दांडी कशात तरी अडकली. पाहिलं तर नत्थूजी. ओट्यावरून उतरून खांदा लावून उभा. कानात मशीन नव्हती, ढोलामुळे काढून ठेवली होती. ओरडून म्हणाला, "रुपराव, तू बसून राहा. लोकं पाहून राहिले."

मग तो तसाच उभा राहिला. विटांमुळे गाडी त्याच्या एकट्याच्यानं सरळ उभी होईना, आणि मागून बडग्ये ढकलत होते, तर गाडी थोडी चालली की नत्थूजी थोडा चालला. असं सव्वा तास. त्याची खुर्ची कोणी दुसऱ्यानंच घेतली.

रस्ता संपल्यावर तुळजाबाईला विचारलं, तू काहून उतरली? तेव्हा ती म्हणाली, "ते बटण हॉर्नचं नव्हतं जी. थांबली की गाडी उभी धराचं होतं. तुम्ही त्याची वायर कापली, मी डब्यात ठेवली. जुलैपासून सांगून राहिली."



२४ ऑगस्ट
पुण्याहून आमच्या मुलाचा, वैभवचा फोन. पोरगा फोनवर मारबतीचा व्हिडिओ पाहत होता, यंदा एक जिवंत बडग्या होता म्हणे, आवाज ऐकून ओळखला. हॉर्नचा नाही, माझा. चावी आईकडे द्यायला सांगितली. तिनं आधीच घेतली होती.

नत्थूजीची पाठ धरली आहे. तेल गरम करून घेऊन गेलो. सूड म्हणून चांगलं जोरात चोळलं. तो म्हणाला, "हां, तिथंच. अजून जरासं वर."

उद्या परत जाईन. अजून जोरात चोळीन.

२८ ऑगस्ट, गुरुवार
तुळजाबाई ऋतुजाच्या स्कूटीवर भजनाला गेली.

घरी एकटा होतो. डबा उघडून वायर काढली, हॉर्न तोडला, बटण परत जोडलं. दाबलं. आतून कर्र आवाज आला. विटा काढल्या. गाडी सोडली. उभी. ताठ. हलवली तरी हलत नाही. वर बसून पाय उचलले. शंभरपर्यंत मोजलं, मग परत उलटं मोजलं. पाहायला कोणी नव्हतं.

३१ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळी पाच
चावी तुळजाबाईच्या कमरेला. गाडी अंगणात. पाऊस भुरभुर होता, छत्रीखाली मी गाडीवर बसून चहा घेत होतो. उभ्या गाडीवर. पडलो नाही.

नत्थूजी आला. काही न विचारता मागच्या गादीवर बसला, पाय पाट्यावर ठेवले. गादी मऊ आहे म्हणाला, पाठीला बरी. त्याला पाटी काढायला सांगणार होतो. तो म्हणाला, राहू दे, त्याच्याशिवाय गाडी ओकीबोकी दिसते.

आरसे मात्र चांगले निघाले. मागचं त्याचं तोंड स्पष्ट दिसतं, अगदी बारकाव्यासकट. माझा टोस्ट माझ्या चहात बुडवत होता.

तुळजाबाई भजी घेऊन बाहेर आली. संधी पाहून मी म्हटलं, बघ, आता पडत नाही, बस ना मागं.

ती म्हणाली, "कुठं बसू? मागं नत्थूजी आहेत."