शेपटीवरच्या खुणा

गारखेडा

वहाब मामू, सलाम.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय, याही वेळी टाकणार नाय बहुतेक.

अम्मीच्या गुडघ्यांसाठी तुम्ही पाठवता ती पुडी मी तुम्हाला न विचारता कॉलेजात उंदरांवर तपासली. विषशास्त्र शिकतेय ना! सहा उंदरांना अम्मीच्या डोसाच्या मानानं, सहांना त्याच्या दहापट. चौघांचं लिव्हर खराब निघालं. पण शेपटीवरच्या मार्करच्या खुणा मी वेळेवर पुन्हा गडद केल्याच नाहीत. पुसल्या गेल्या! आता ते चौघं कुठल्या सहातले, कुणास ठाऊक. तुमच्यावर चिडू की तुमची माफी मागू?

अम्मी म्हणते, "भाईच्या हाताला शिफा हाय, गुण येतोच."

आज सकाळी तिनं पुडीसाठी हात पुढं केला. मी अर्धीच दिली.

तुमची गोंधळलेली भाची,
सुमय्या