पियुषचं उतरणं

१२ जानेवारी २००४
माझ्या शिकाऊ पायलटांतला पियुष आज तिसऱ्यांदा न उतरताच वर गेला. विमान जरा तिरपं आलं की याने थ्रॉटल दाबलाच — परत आकाशात! पुस्तकात तेच लिहिलंय, मलाही ठाऊक आहे. पण प्रत्येक वेळी पळ काढणारा पायलट कसला? गोल बाजारातून हिरव्या बांगड्या आणून ठेवल्या होत्या. एक त्याच्या हातात चढवली, सगळ्या बॅचसमोर. लहान पडली, हात सोलला. पोरं पोट धरून हसली.

१३ जानेवारी
आजही बांगडी हातात. काढ म्हणालो नव्हतो.

१९ जानेवारी
त्याचे वडील पांडुरंगराव बुढापाऱ्याहून सायकलवर डबा घेऊन आले. रेल्वेतले कारकून, कुंपणाबाहेरच उभे. "सर, पोट्टा घरी जेवून नाही राहिला. काहून असं?" म्हटलं, तुमचा मुलगा भित्रा आहे. पियुष शेजारीच होता. बोलून बरं वाटलं, इथे खोटं कशाला लिहू.

२७ जानेवारी
आठ दिवसांत उतरता उतरता एकदाही परत वर पळाला नाही. दणकन आपटतो, पण उतरतो. सुतासारखा सरळ केला! बांगडी काढायला लावली. उद्या त्याला एकट्याने उडायला सोडतो.

२८ जानेवारी
एकटाच उतरत होता. विमान टेकलं, उसळलं. उसळी आली की थ्रॉटल दाबून वर जायचं, एवढंच. बॅच कुंपणाशी उभी राहून बघत होती. मी रेडिओवर ओरडत राहिलो, वर जा, वर जा. हा नाक खाली दाबत राहिला. तिसऱ्या उसळीला पुढचं चाक मोडलं, नाकावरचा पंखा जमिनीत घुसला. काच फुटून डोळ्यात गेली.
मी आधी पंखा पाहिला, मग त्याला.

३० जानेवारी
डावा डोळा गेला. तो आता पायलट होत नाही. चौकशीवाले विचारणार, हा वर का गेला नाही? बांगडीचं कळलं तर माझं लायसन्स गेलं. बॅचला दम दिलाय. राहिला तो एकटा. उद्या इस्पितळात जाऊन काय बोलायचं ते पढवतो.

३१ जानेवारी
पढवावं लागलं नाही. चौकशीवाले सकाळीच येऊन गेले होते. पियुष म्हणाला, "सांगून दिलं सर, तुम्ही बराबर शिकवलं होतं, मीच नाही ऐकलं. माझं उडणं तर गेलंच. तुमचं काहून जावं?"
"बरं केलंस," म्हणालो.