त्याच्या समोरची खुर्ची

बुधवार, रीडिंग (इंग्लंड)

ऑफिसातून आले की मी फोन डब्याला टेकवून त्या निवृत्त स्पॅनिश सायकलपटूचं लाइव्ह लावते. सायकलिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही. तो ऑम्लेट करतो, एकटाच खातो आणि हजारो लोक स्क्रीनवर लाल बदाम पाठवतात. एवढी माणसं, तरी समोरची खुर्ची रिकामीच.

आज न राहवून कमेंट केली, "जेवलात का?" तीही मराठीत. आणि तो समोर जेवत असताना! वेडी कुठली.

तो कुठला वाचायला! पण खाली कुणा मधुराचं उत्तर आलं, "मी मेडनहेडला. नाही जेवले अजून. तुम्ही?"

मेडनहेड, म्हणजे दोनच स्टेशनं पलीकडे. काय लिहू, काय लिहू करेपर्यंत लाइव्ह संपलं आणि कमेंटही गेल्या. शेवटी दिसली ती खुर्चीच.

वरण गार झालंय.

मीपण नाही जेवले, मधुरा.