आधी ड्रायव्हर बोलतो

सोमवार, ९ मार्च

ती. काका,

सादर नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा आहे तसाच आहे. बाबांनी दाराला स्वतः रंग दिला, त्यामुळे दार आता लागत नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही. काल तुमच्या गच्चीवरच्या खोलीत जे झालं ते आधी क्रमाने लिहिते, म्हणजे मी तिखटमीठ लावलं असं म्हणायला जागा राहणार नाही.

१. रविवारची मंडळी जमली होती. टेबलावरच्या आपल्या छोट्या रेल्वेत नवा सिग्नल बसवला होता. त्याचे दिवे घड्याळजींनी बनवले होते.

२. गाडी तुम्ही चालवत होतात. सहायक म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाई शेजारी होत्या.

३. बाई म्हणाल्या, "हिरवा." त्यानंतर तुम्ही म्हणालात, "हिरवा." आणि गाडी सोडलीत.

४. रूळ बदलणारे सांधे बाजूच्या रुळाकडे वळवलेले होते. तिथे मालगाडी उभी होती. म्हणजे सिग्नल लाल हवा होता. तारा उलट जोडलेल्या होत्या, म्हणून तो हिरवा लागला.

५. तुमचं लाडकं वाफेचं इंजिन मालगाडीवर आदळलं आणि टेबलावरून फरशीवर पडलं.

६. तुम्ही सगळ्यांसमोर घड्याळजींना म्हणालात, "लाल-हिरवं कळत नसेल तर घड्याळंच दुरुस्त करत बसा. इथे पुन्हा येऊ नका."

७. घड्याळजी डोळ्याला लावायचं भिंग खिशात घालून जिना उतरले.

काका, मला याचा संताप आला आणि तो अजून उतरलेला नाही. ज्याला गाडी आवडते तो आपला, त्याला तिकीट विचारायचं नाही, हा त्या खोलीचा नियम तुम्हीच केलात. तुम्ही खरी गाडी चालवून यायचात, अंगाला डिझेलचा वास असायचा, आणि अंघोळीच्या आधी गल्लीतल्या कोणालाही हाताला धरून वर नेऊन टेबलावरची गाडी दाखवायचात. काकू म्हणायची, या माणसाला दोन संसार आहेत आणि दोन्ही रुळावर. घड्याळजी त्या खोलीत माझ्या शाळेच्या दिवसांपासून येतात. बोटाच्या पेराएवढ्या डब्याला त्यांनी उघडणारी खिडकी बसवली. त्या माणसाला तुम्ही चोरासारखं हाकललंत. बाकीची मंडळी माना खाली घालून चहा पीत राहिली. मीसुद्धा.

तुम्ही खाली गेल्यावर मी टेबलाखाली शिरले. घड्याळजी तारेचा जोड मेणाच्या दोऱ्याने बांधतात. त्या सिग्नलच्या जोडांवर दोरा नव्हता. पीळ होता, आणि तो उलटा होता. उलटा पीळ त्या खोलीत एकच माणूस देतो, कारण डावखुरा एकच आहे, तुम्ही.

चूक कोणाचीही होते. मी रेल्वेत सिग्नल बसवण्याचंच काम करते आणि माझ्याही होतात. पण ही तुमच्या हाताची चूक नाही, काका, डोळ्यांची आहे. सात वर्षांच्या मुलीला लालला लाल तार, हिरव्याला हिरवी असं गाण्यासारखं शिकवणाऱ्या माणसाचा हात इथे चुकणार नाही.

आज सकाळी घड्याळजींच्या दुकानात गेले. जोड पाहिले म्हणून सांगितलं. त्यांनी एका घड्याळाचं झाकण पुसून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "जाऊ दे गं. गाडी माझ्या नावावर पडली तर पडू दे. माझ्या नावावर कोणी खऱ्या गाडीत बसत नाही."

म्हणजे त्यांना ठाऊक आहे. मला वाटतं, काकूलाही अर्धंमुर्धं ठाऊक आहे. तुम्ही हल्ली कच्चे टोमॅटो घेऊन येता असं ती हसत सांगत होती. मीही हसले होते.

आता क्रमांक तीन पुन्हा वाचा. आपल्या खोलीत सिग्नलचा रंग मोठ्याने म्हणायचा असतो, खऱ्या इंजिनात म्हणतात तसाच, आणि आधी ड्रायव्हर बोलतो. मी लहानपणी गप्प बसले की तुम्ही डोक्यात टपली मारायचात, "ठमे, मुका ड्रायव्हर म्हणजे आंधळा ड्रायव्हर." गेले कित्येक रविवार तुम्ही आधी बोलत नाही. शेजारचा बोलेपर्यंत थांबता. मला वाटलं, नवख्या लोकांना संधी देताय. मला ते आवडलंही होतं.

रजा संपली की शनिवारी तुम्ही पुन्हा ड्यूटीवर जाणार. तिथे तुमचा सहायक आधी बोलतो का? त्याला डुलकी लागली तर कोण बोलतं? मी एखादा सिग्नल बसवून घरी येते आणि जेवते, झोपते, ते एवढ्याच भरवशावर की समोरून येणाऱ्याला त्यातला लाल लालच दिसेल. तो समोरून येणारा तुम्ही असाल, हा माझा लहानपणापासूनचा अभिमान होता. कालपासून मला त्याची भीती वाटते. हे लिहायला मला इतक्या ओळी लागल्या.

डॉक्टरांना सांगितलं की इंजिनावरून उतरवतील, हे मला कळतं. ऑफिसात टेबलाशी बसवतील, हेही कळतं. टेबलाशी बसवलं तर महिन्यात गंजेन, असं तुम्ही म्हणाला होतात. तुम्ही गंजणार नाही असं खोटं मी लिहिणार नाही. पण त्या गाडीत बसलेल्यांनी तुमचा गंज टाळण्यासाठी तिकीट काढलेलं नाही.

वर खोलीत मात्र तुम्हाला कोणी उतरवणार नाही. तिथे रंग मी सांगेन, गाडी तुम्ही चालवा.

दोन गोष्टी करा. घड्याळजींच्या दुकानात जाऊन माफी मागा, गिऱ्हाइकं असताना. आणि तुमच्या ऑफिसच्या डॉक्टरांकडे जाऊन डोळ्यांचं खरं काय ते सांगा. म्हणालात तर मी बरोबर येते, बाहेर बसते. नाही केलंत, तर शनिवारी तुमची गाडी सुटण्याआधी मी तुमच्या साहेबांच्या दारात उभी असेन. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोलणार नाही, हे धरूनच लिहिते आहे.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर द्यावं.

तुमची,
ठमी