शंभरावा दोष मागे घेण्याबाबत

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांची दुरुस्ती, हे मृत्युपत्र माझ्या दुकानाच्या आतल्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही, मला कोणी काही देऊ केलेले नाही, आणि कोणत्याही कंपनीचा माणूस या खोलीत आलेला नाही. हे शेवटचे वाक्य मृत्युपत्रात सहसा नसते. ते इथे का आहे, हे कलम सहापर्यंत कळेल.

इंटरनेटवर मला 'खडूस काका' म्हणतात. हे मृत्युपत्र त्याच माणसाचे आहे.

कलम १. दुकान आणि वरच्या दोन खोल्या माझ्या मुलीला द्याव्यात. तिने अडीच वर्षांत इथली पायरी चढलेली नाही, पण म्हणून तिचा हक्क जात नाही. तिने विकावे, भाड्याने द्यावे, नाहीतर कुलूप लावून ठेवावे. तिची आई हयात नाही, त्यामुळे दुसरा वाटेकरी नाही.

कलम २. बँकेत जे असेल तेही तिलाच. त्यात लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. हत्यारे, म्हणजे सोल्डरिंगच्या तिन्ही गन, मीटर, भिंगाचा दिवा आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरचा डबा, हेही मुलीला. नऊ वर्षांची असताना तिने याच टेबलाशी उभे राहून सोल्डरिंगचा पहिला टाका घातला. मी तो भिंगाखाली धरून पाहिला आणि "ठीक आहे" म्हणालो. टाका उत्तम होता. हे तेव्हाच सांगायला हवे होते.

कलम ४. धाकट्या भावाला काही नाही, असे मी आधी लिहिले होते. माझा गेमचा मूळ डबा पिवळा पडला म्हणून त्याने माझ्या वाढदिवसाला तो गुपचूप पांढराशुभ्र रंगवून आणला होता. "बघ दादा, नवाकोरा!" म्हणाला. मी त्याच्याशी सहा वर्षे बोललो नाही. तो रंगवलेला डबा आता त्याला द्यावा. खरे सांगायचे तर रंग झकास दिला आहे.

कलम ५. डबा म्हणजे काय, हे ठाऊक नसणाऱ्यांसाठी. पस्तीस वर्षांपूर्वी निघालेले हे गेमचे यंत्र टीव्हीला जोडून खेळायचे असे. ते बनवणाऱ्या कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात मी अकरा वर्षे होतो. त्यात खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. बंद केला की सगळे पहिल्यापासून. म्हणून आम्ही लहानथोर सगळे डबा चालू ठेवूनच जेवायला, शाळेला, कामाला जायचो, कधीकधी आठवडाभर सुद्धा. आतमध्ये तळहाताएवढा, जाड अॅल्युमिनियमचा पत्रा होता, तो सगळी उष्णता खेचून घ्यायचा.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने तोच डबा पुन्हा बाजारात आणला. खोक्यावर छापले होते 'जशाचा तसा'. मी विकत घेतला, उघडला आणि चाहत्यांच्या साइटवर दोषांची यादी टाकली. संगीत केसभर संथ. लाल रंग गुलाबीकडे झुकलेला. बटण दाबल्यावर टक् आवाज नाही. झाकणाच्या बिजागरीला करकर नाही. लोकांनी डोक्यावर घेतले. नव्याण्णव दोष भरले आणि मला शंभर करायची हौस आली.

शंभरावा दोष असा, की हा डबा तापला की आपोआप बंद पडतो. आत तांदळाच्या दाण्याएवढा एक कटऑफ, म्हणजे तापल्यावर वीज तोडणारा भाग, बसवलेला होता. त्याच्या दोन टोकांना तारेचा तुकडा जोडला की तो निकामी होतो आणि डबा जुन्यासारखा अखंड चालतो. दोन टाक्यांचे काम. मी फोटोसकट लिहिले.

नव्या डब्यात पत्रा नाही, हे मला उघडल्याबरोबर दिसले होते. दिसले नाही असे मी कुठेही म्हणणार नाही.

माझी मुलगी त्याच कंपनीत इंजिनिअर आहे. तिचा फोन आला. "बाबा, तो कटऑफ मी लावलाय. पत्रा काढायला लावला त्यांनी, म्हणून लावलाय. हे तुम्हाला समजावून सांगायची वेळ यावी?"

"मग खोक्यावर 'जशाचा तसा' कशाला छापता?" मी म्हणालो.

"छापणारे वेगळे, बाबा. जळणारं घर कुणाचंही असेल."

मी फोन ठेवला आणि यादीत आणखी एक वाक्य घातले. ज्याने हा कटऑफ बसवला त्याने जन्मात सोल्डरिंग गन हातात धरलेली नसावी. त्यानंतर तिचा फोन आला नाही. तिने तो का करावा?

कलम ६. गेल्या वर्षापासून मला पत्रे येऊ लागली. टेबलाचा कोपरा काळा पडला. पडद्याला झळ लागली. मी प्रत्येकाला "प्लग सैल असेल" असे उत्तर दिले. मग एका शिंप्याचे पत्र आले. त्याचे दुकान जळले होते आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. पत्र त्याने बायकोकडून लिहून घेतले होते. तक्रार नव्हती. त्याने विचारले होते, "काका, तार बारीक हवी होती की जाड? माझ्याकडूनच काहीतरी चुकलं असणार."

त्या दिवशी मी साइटवर लिहिले की मी चुकलो, तार काढा, डबा बंद करा. कोणी विश्वास ठेवला नाही. नक्कल कशी ओळखायची हे मीच त्यांना शिकवले होते, आणि पोरे हुशार निघाली. "काका 'कृपया' लिहीत नाहीत." "काकांचं खातं कंपनीने पळवलं." मी कॅमेऱ्यासमोर बसून बोललो, तर कोणीतरी माझे जुने ध्वनिमुद्रण शेजारी लावून दाखवले की आवाज केसभर खाली आहे. अडुसष्टाव्या वर्षी तो खाली जाणारच. कंपनीने मूळ यादी पुसू नये म्हणून त्यांनी बचाव गट काढला आणि ती शेकडो ठिकाणी उतरवून ठेवली. त्यांच्या अंदाजाने नऊ हजार डब्यांत आता तार आहे. कोणाचा डबा जास्त दिवस अखंड चालतो, याची चढाओढही लावली आहे. मला भीती वाटते. ती दिवसभर जात नाही.

कलम ७. म्हणून हे कागदावर, शाईने, साक्षीदारांसमोर. शंभरावा दोष हा दोष नव्हता. तो माझ्या मुलीने विचार करून केलेला शहाणपणा होता. तो मी मागे घेतो. ज्यांनी तार घातली त्यांनी आधी भिंतीवरचा प्लग काढावा, डबा थंड होऊ द्यावा, मग तार कापावी. उरलेले नव्याण्णव दोष कायम आहेत. लाल रंग गुलाबीच आहे.

वकील म्हणाले, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच बोलते, तोवर थांबावे लागेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तब्येत ठणठणीत आहे, पंधरा वर्षं काढाल. एवढी घाई कसली?" पत्र्याविना चाललेला डबा पंधरा वर्षे थांबणार नाही. म्हणून सही होताच हा कागद जाहीर करावा, माझ्या मरणाची वाट पाहू नये.

कलम ८. दुसरा साक्षीदार मी मुद्दाम निवडला आहे. तो बचाव गटाचा प्रमुख. छापखान्यात प्रुफे तपासतो. माझी सही ताडून पाहायला माझी जुनी पत्रे घेऊन आठ तास बसने आला आहे. त्याच्या घरी डबा शहाण्णव दिवस चालू आहे, आईच्या खोलीत, कारण रिकामा प्लग तिथेच होता. आई अंथरुणाला खिळलेली आहे. याला पटले तर सगळ्यांना पटेल. आत्ता तो माझ्यासमोर बसून प्रत्येक ओळ वाचतो आहे. बाळा, तू आत्ता ही ओळ वाचत असशील तर आधी घरी फोन कर.

स्थळ : दुकानाची आतली खोली
दिनांक : १९ नोव्हेंबर, दुपारी तीन

लिहून देणार : (सही, आणि डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार १ : (सही) दवाखान्याच्या डॉक्टर. माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली.

साक्षीदार २ : (सही) प्रूफ तपासनीस. सही ताडून पाहिली, अस्सल आहे. माणूसही अस्सल आहे. मजकूर मात्र कोणीतरी सांगून लिहून घेतलेला वाटतो. बोलताना काकांनी माझे दोन्ही हात धरले आणि ते रडले. आमचे काका असे करत नाहीत. त्यांच्या सांगण्यावरून घरी फोन केला. आई म्हणाली, खोलीत फार उकडतंय, पण डबा चालू आहे. कोणाला बंद करू देऊ नकोस म्हणून मी तिला सांगितले.